ती तार मी गुंडाळली होती

निमिष, आर्या, विलासआजोबांनी तुम्हाला फोनवर सांगितलं ते खोटं आहे. गिटारमधून बाईच्या गळ्यासारखा आवाज काढायची युक्ती त्यांनी शोधलेली नाही. निमिषने आपली गिटार उघडून आतल्या तारांचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, "आजी, दोन पिकअपमधून पाच वेगळे आवाज कसे काढायचे? विलासआजोबा म्हणतात त्यांनी अंजूरला काढले होते, पण कसे ते आता आठवत नाही." त्यांना आठवत नाही, कारण त्यांना ते कधी ठाऊकच नव्हतं. तुमच्यासाठी लिहीत असलेल्या आठवणींच्या या प्रकरणात मी माझ्या शाळेबद्दल लिहिणार होते. शाळा थांबेल. राग आला की माझं अक्षर सुधारतं, तेव्हा आजच लिहून टाकते, आणि क्रमाने लिहिते, म्हणजे पुन्हा कोणी मधेच आपलं नाव घुसवणार नाही.

आमचं घर अंजूरला, खाडीच्या बाजूला. आता तुम्ही आलात तर तुम्हाला तिथे गोदामांची पत्र्याची छपरं दिसतील, तेव्हा भाताची खाचरं होती. घराला लागून बाबांनी लूमची शेड काढली होती. लूमचा आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. तो ऐकू येत नसे, अंगात येत असे. आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो, आणि शुक्रवारी लूम बंद असले की आपल्याच आवाजाने दचकायचो. शुक्रवारी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची तो थप थप आवाज पार ओटीपर्यंत यायचा. त्याबरोबर सुकटीचं कालवण, कधी जवळा, आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्या मिळाल्या तर बाबा दुपारी झोपायचेसुद्धा नाहीत, वाट बघत बसायचे. आई उरलेला सगळा वेळ कांड्या भरायची. कांडी म्हणजे लुमावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताची लहान नळी. शेडमध्ये मोटरवरचं कांडी मशीन होतं, पण आईकडे तिच्या सासूच्या वेळचा हाताने फिरवायचा रहाट होता आणि मोडकं-तोडकं सूत ती त्यावरच भरायची. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये सूत किती दाबायचं, कुठे सैल सोडायचं, हे तिने मला शाळेत जाण्याच्या आधी शिकवलं. रहाट नेहमी एकाच दिशेने फिरवायचा. उलटी भरलेली कांडी लुमावर सुटी होते, गुंता होतो, आणि मग विणकर रहमतचाचा येऊन दारात उभा राहतो. आईला त्याची बोलणी खायला आवडायचं नाही.

मागच्या खोलीत हिराआत्या राहायची, बाबांची मोठी बहीण. लहान वयात नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली. अशा बायका भावाच्या घरात कशा राहतात ते मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे: शेवटी जेवतात, पहिल्यांदा उठतात. हिराआत्या तशी राहत नव्हती, कारण ती धवलारीण होती. आपल्याकडे लग्नात भटजी नंतर येतो. आधी धवलारीण बसते आणि धवला गाते. मांडव घालताना, हळद दळताना, नवऱ्यामुलीला पाटावर बसवताना, प्रत्येक कामाचा वेगळा धवला. त्यात ती गावदेवीला, कुलदेवीला, खाडीला, घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन घेऊन लग्नाला बोलावते. ती गायल्याशिवाय कोणी हळदीला हात लावत नसे. लग्नघरातून माणूस नारळ आणि विडा घेऊन तिला न्यायला यायचा, आणि बोलावल्याशिवाय ती जायची नाही. राहनाळपासून पार गणेशपुरीच्या बाजूपर्यंत तिला बोलावणी असत. परत यायची ती नवं लुगडं, तांदूळ आणि लग्नघरातल्या सगळ्या भानगडी घेऊन. "नवरा काय तो, गो बाय, सुका बोंबील! नवरी त्याला खांद्यावर घेऊन नाचंल," असं ती सांगायची आणि आई तोंडाला पदर लावायची. तिचा आवाज गोड नव्हता. नाकातून यायचा, बारीक आणि तिखट, आणि लूम चालू असतानाही शेडच्या पलीकडे ऐकू जायचा. त्या आवाजामुळे ती आमच्या घरात मान वर करून जेवत होती. हे नीट लक्षात ठेवा.

दादा, म्हणजे तुमचे विलासआजोबा, तेव्हा बँजो पार्टीत वाजवायचा. हळदीच्या दिवशी हातगाडीवर भोंगे, बॅटऱ्या आणि अँप्लिफायर घालून ही पार्टी गावातून निघायची. दादाने मुंबईहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. लाल रंगाची, कडा टवके उडालेल्या. तिच्या तारांखाली दोन पिकअप होते. निमिषला माहीत आहे, आर्यासाठी सांगते: पिकअप म्हणजे पत्र्याच्या डबीत बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज हलते आणि भोंग्यातून आवाज येतो. मानेजवळचा पिकअप जाड, गोल आवाज देतो, खालचा टोकदार. दादाच्या गिटारीचा मानेजवळचा पिकअप मुका होता. फसवून विकली होती त्याला.

मी भिवंडीच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच कॉलेजात गेले होते, फिजिक्स घेऊन. दादाला म्हटलं, उघडू का? "मोडशील," तो म्हणाला. "मोडलेलीच आहे," मी म्हटलं. डबी उघडली तर आतली तार गंजून तुटलेली. भिवंडीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मी तसल्या तारेचं रीळ आणलं, जुनी गुंडाळी सोडवून टाकली आणि रिकामी चौकट लाखेने आईच्या रहाटाच्या चातीवर, म्हणजे फिरणाऱ्या सळईवर, चिकटवली. ती तार सुतापेक्षा वाईट. श्वास जोरात सोडला तरी तुटायची. पण आईच्या बोटांची सवय माझ्या बोटांत होती. आई भाकरी थापता थापता बघत होती. "दाबू नको. तिला वाटलं पायजे, ती आपली आपन जाते हाय," एवढंच म्हणाली. दादा त्या वेळी ओटीवर मित्रांबरोबर कॅरम खेळत होता. हेही लक्षात ठेवा.

शुक्रवारी दुपारी मी तारा जोडल्या, दादाने बॅटरीवर अँप्लिफायर लावला. मानेजवळचा पिकअप एकटा छान वाजला. खालचा एकटाही. मग दादाने स्विच मधे ठेवला, दोन्ही एकदम. भरदार आवाज यायला हवा होता. आला तो बारीक, नाकातला, रिकाम्या डब्यातून कोणी बोलावं तसा. "कं केलंस गो!" दादा ओरडला. "वाट लावलीस ना!" तेवढ्यात रहमतचाचा दारात आला. त्याने ओटीकडे पाहिलं, तिथे हिराआत्या सुपारी कातरत बसली होती. मग आत पाहिलं. "बुआजी तो बाहर बैठी हैं," तो म्हणाला, "तो अंदर कौन गा रहा है?"

आम्ही इतके हसलो की आईच्या हातची भाकरी फाटली. हिराआत्या अडकित्ता घेऊनच आत आली. "अगो, माजा गला एवडा शेंबडा हाय?" तिने विचारलं. ती खाली बसली. "परत वाजव बगू," ती म्हणाली, आणि या वेळी ती हसत नव्हती.

काय झालं होतं ते मला जेवताना कळलं. मूळ गुंडाळी एका दिशेने होती, मी कांडी भरायच्या सवयीने दुसऱ्या दिशेने भरली होती. त्यामुळे एक पिकअप ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा. दोघांचा सारखा असलेला जाड भाग एकमेकांना खाऊन टाकायचा आणि जो वेगळा तेवढा बारीक भाग उरायचा. दोन टोकांची अदलाबदल केली की आवाज सरळ. पुन्हा उलट केली की हिराआत्या. मग दोन्ही का ठेवू नयेत? मी एका मेलेल्या रेडिओतला सहा पायांचा स्विच काढला, समोरासमोरचे पाय फुलीसारखे जोडले, म्हणजे खटका दाबला की टोकं आपोआप बदलतात. निमिष, इथे नीट वाच. पिकअपची पत्र्याची डबी आतल्या तारेच्या एका टोकाला जोडलेली असते. टोकं उलटली की ती डबी जिवंत होते आणि बोट लागलं की घूं सुरू होतं. डबीची तार सोडवून वेगळी जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोड, तरच जमेल. मी यावर पूर्ण आठवडा घालवला. मग आणखी एक स्विच घातला, त्याने दोन्ही गुंडाळ्या एकामागून एक जोडल्या जात. तो आवाज इतका मोठा आणि जाड की बाबा म्हणाले, बैल व्याला. असे ते पाच आवाज: एक एकटा, दुसरा एकटा, दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही एकामागे एक, आणि दोन्ही उलट. विलासआजोबांना यातला एक तरी विचारून बघा.

पुढचे महिने दादा रोज संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन बसू लागला. आत्या गायची, तो उलटा खटका दाबून वाजवायचा. ती त्याला शिकवायची, कुठे सूर लांबवायचा, कुठे चावायचा. "तसा न्हाय रं, बोकडासारका. देवीला बोलावतोस का पोलिसाला?" ती इतकी खूश होती की तिने गावात सांगितलं, आता माजा भाचा माज्या साथीला बसनार. मलाही तेच वाटलं होतं. आत्याचं वय होत होतं, गळा लवकर दमायचा. मी तो आवाज तिच्या शेजारी बसवायला दिला होता. दादाने कधी वेगळं काही सांगितलं नाही. तो मान डोलवायचा आणि तिने दिलेला चहा प्यायचा.

राहनाळला आमच्या नात्यातलं लग्न निघालं. बाबांच्या मामाच्या नातवाचं, म्हणजे नारळ येणार हे आत्याने गृहीत धरलं होतं. हळदीच्या सकाळी ती न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली घालून ओटीवर बसली. दादाची गाडी भोंगे लादून सकाळीच गेली होती. उन्हं वर आली. आईने तिला जेवायला बोलावलं. "नारल येऊं दे," ती म्हणाली. दुपारी बाबा म्हणाले, "चल अक्का, घरचंच लगीन हाय, नारळ कशाला पायजे?" आणि बाबा तेव्हा तिच्याकडे न बघता चपला शोधत होते. चपला त्यांच्या पायातच होत्या. नारळ येणार नाही हे त्यांना माहीत होतं. आज लिहितानाही मला ते पाय दिसतात.

राहनाळच्या मांडवात मधोमध धवलारणीची जागा असते, तिथे खुर्ची टाकून दादा बसला होता. मुलाला पाटावर बसवलं, दादाने खटका दाबला, आणि भोंग्यातून हिराआत्याचा आवाज सगळ्या गावावर पसरला. हुबेहूब. तिने चावलेला सूर तसाच चावलेला. लोक टाळ्या वाजवायला लागले. नवरदेवाचा बाप आमच्याकडे आला, आत्याला पाहून हात जोडले. "हिराबाय, आता कशाला गला सुकवायचा? भाच्यानं तुमाला पेटीतच बसवलंय! मटन-वडे खावा, आराम करा." बाजूचे हसले. हे त्यांनी वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं, असं बाबा नंतर वर्षानुवर्षं सांगत. बुद्धी कसलीही असो. आत्या पाहुण्यांच्या रांगेत बसली, पत्रावळीसमोर, आणि मला म्हणाली, "गिटारीनं कुलदेवीचं नाव घेतलं का गो?"

"नाही, आत्या."

"नवऱ्यामुलाच्या आजोबाचं? त्याच्या मेलेल्या मावशीचं?"

"नाही."

"मग हे कुनाला बोलवतायत?" तिने वडा मोडला आणि खाल्ला नाही.

मी उठले. मांडवात सगळ्यांसमोर दादाजवळ गेले आणि म्हटलं, "थांबव. आत्याला बसव इथे." तो वाजवतच राहिला. "गप बस, शैले. लोकं बघतायत." मी हात घालून खटका सरळ केला आणि जाड आवाजाचा दुसरा खटका ओढला. भोंग्यातून बैल व्याला. पोरं खिदळली. दादाने दोन्ही खटके परत ओढले. "हा मी घातलाय," मी ओरडले. "ही तार मी गुंडाळली आहे, हा आवाज तुझा नाही." पार्टीतला ढोलकीवाला म्हणाला, "काय रे विलास, बहिनीनं बनवली गिटार?" आणि दादा हसला. हसून म्हणाला, "ही? ही नुसती तार धरून बसलेली. सांगितलं तसं केलं तिनं."

ते वाक्य मी कधी विसरले नाही. ते विसरावं असं मला तुमच्या आजोबांनी, माझ्या नवऱ्याने, अनेकदा सांगितलं, भाऊ आहे, म्हातारा झाला आहे. मी दादाकडे दिवाळीला जाते, फराळ नेते, त्याच्या गुडघ्याची चौकशी करते. विसरले नाही. बाबांनी मला दंडाला धरून मांडवाबाहेर आणलं. त्या वर्षी आत्याला त्यानंतर एकही नारळ आला नाही. पार्टीला मात्र दोन-दोन हळदी एका दिवशी होत्या. आत्या स्वयंपाकघरात शेवटी जेवायला लागली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, आत्या, मी ती गिटार फोडते. "फोडून काय?" ती म्हणाली. "लोकांचे कान फोडशील?"

नंतर माझं लग्न ठरलं. बाबांनी पार्टी दादाचीच ठरवली, मला न विचारता. हळदीच्या सकाळी बायका मला पाटावर बसवायला आल्या तेव्हा मी दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, हिराआत्या गायल्याशिवाय मी बसणार नाही. काकी म्हणाली, शिकलेल्या मुलीला हे काय खूळ. मामी म्हणाली, नवऱ्याकडची ठाण्याची मंडळी यायची वेळ झाली. बाबा म्हणाले, "आज तमाशा नको." दादा म्हणाला, "अगो, मी आत्याचंच वाजवतोय ना." मी बसले नाही. ऊन मांडवात आलं, वाटलेली हळद परातीत सुकायला लागली. शेवटी आई उठली. माझी आई जन्मात कोणाला उलट बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. तिने देवघरातला नारळ घेतला, त्यावर विडा ठेवला, सगळ्यांच्या मधून चालत मागच्या खोलीत गेली. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. आत्या बाहेर आली ती घरातल्याच लुगड्यात. मांडवाच्या मधे आली, दादाच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तो उठेपर्यंत उभी राहिली.

मी पाटावर बसले. आत्याने पहिली ओळ म्हटली. धवल्याची रीत अशी की धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागे बसलेल्या बायका ती उचलून परत म्हणतात. तिने ओळ म्हटली आणि थांबली. मागे कोणी उचलली नाही. इतके दिवस गिटार वाजत होती, बायका ऐकत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मोठ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या, तरण्या पोरी दादाकडे. आत्याने तीच ओळ पुन्हा म्हटली. तिचा आवाज टोकाला फाटला. कोणीतरी हसू दाबलं. दादा गिटार उचलत म्हणाला, "थांब आत्या, मी देतो."

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

नवरीने आपल्याच हळदीला गायचं नसतं. अपशकुन मानतात. समोरच्या परातीतली हळद अर्धी ओली, अर्धी तडकलेली होती, आणि मी ती ओळ उचलली. मला सूर नाही, तुम्ही दोघांनी माझी अंगाई ऐकली आहे. मी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, रागाने, दादाच्या तोंडाकडे बघत गायले. आत्याने दुसरी ओळ दिली, मी ती घेतली. कुलदेवी आली, खाडी आली, बाबांचे बाबा आले, मग हिराआत्याचा तो लहान वयात गेलेला नवरा आला, ज्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मागून आईचा आवाज मिळाला, दुसरा कोणाचा मिळाला नाही. आत्या श्वास घ्यायला थांबली, माझ्याकडे वाकली आणि मांडवभर ऐकू जाईल अशी कुजबुजली, "काय भसाडा गला गो तुजा! थांबू नको."